साखर स्नायूपर्यंत पोचते कशी?

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळ कुठल्याही मेडिकलवर संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं, तर एक मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते: "शुगरची एक पट्टी द्या अन् बीपीची एक." दोन्ही पट्ट्या घेणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की देशातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्रात मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के निघालं होतं.

ही दोन दुखणी जोडीनं का येतात याची कारणं पुष्कळ आहेत. वय, वजन, बैठं काम, घराण्यातून आलेला वारसा ही सगळी खरीच. पण एक कारण शरीरात नेमक्या एका जागी बोट ठेवून दाखवता येतं. ती जागा म्हणजे मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंतल्या, केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्या. ज्या रसायनांमुळे रक्तदाब चढतो-उतरतो, त्यांतली बरीचशी रसायनं स्नायूला किती साखर मिळणार हेही थोडंफार ठरवतात. हा व्यवहार कसा चालतो ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

जेवणानंतरचा हिशेब

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढ्या पिठाच्या भाकरी पोटात गेल्या, की पचनानंतर त्यातल्या पिष्टाचं ग्लुकोज होतं आणि आतड्यातून ते रक्तात उतरतं. आता रक्ताची बाजू पाहा. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम ४-५ ग्रॅम, म्हणजे एक चमचाभर. ज्या रक्तात चमचाभर साखर असायची, त्यात दोन-तीन तासांत चौदा-पंधरा चमचे येऊन पडणार असतात. तरीही निरोगी माणसाची साखर जेवणानंतर दोन तासांनी दर १०० मिलिलिटर रक्तात १४० मिलिग्रॅमच्या आत असते. येणारी साखर जवळजवळ येण्याच्याच वेगानं उचलली जाते, म्हणूनच हे जमतं.

उचलणारे मुख्य अवयव तीन. मेंदू आपला ठरलेला वाटा इन्सुलिनची वाट न पाहता घेतो. यकृत आतड्यातून आलेल्या रक्तातली काही साखर वाटेतच अडवतं आणि ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. पण त्याची कोठी लहान, सुमारे १०० ग्रॅमची. स्नायूंची कोठी सुमारे ४०० ग्रॅमची आहे, आणि शरीराच्या वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग स्नायूंचाच असतो.

स्नायूंचा वाटा किती, हे मोजायला 'क्लॅम्प' नावाची चाचणी वापरतात. शिरेतून ठरावीक वेगानं इन्सुलिन सोडायचं आणि रक्तातली साखर एकाच पातळीवर टिकावी म्हणून लागेल तेवढं ग्लुकोज दुसऱ्या नळीतून देत राहायचं. जितकं जास्त ग्लुकोज द्यावं लागेल, तितकी ते शरीर इन्सुलिनला चांगली दाद देतं असं समजायचं. अमेरिकेतले डॉक्टर राल्फ डिफ्रोंझो यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत अशा चाचण्यांतून दाखवलं, की या परिस्थितीत उचललेल्या साखरेतली सुमारे ८० टक्के साखर स्नायूंत जाते. म्हणून इन्सुलिनला दाद न देण्याचा रोग, म्हणजे इन्सुलिन-प्रतिरोध, जडला की त्याचा मोठा फटका स्नायूंतच दिसतो.

कालव्याला पाणी सुटलं, पण सरीत आलं का?

शाळेच्या पुस्तकात इन्सुलिनचं काम एका ओळीत उरकलेलं असतं: इन्सुलिनमुळे साखर पेशीत शिरते. ही ओळ शेवटचा टप्पा सांगते. त्याआधीचे दोन टप्पे तिच्यात नाहीत, आणि आपला विषय त्या दोन टप्प्यांतच आहे.

अर्धापूरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. इसापूरच्या कालव्याला पाणी सुटलं ही एक बातमी आणि आपल्या सरीत पाणी आलं ही दुसरी. मधे वितरिका असते, चारी असते आणि रात्री-अपरात्री दारं धरणारा माणूस असतो. कालवा भरून वाहत असला तरी चारीची दारं बंद असली, तर टेलचा शेतकरी कोरडाच राहतो. उलट कालव्यातलं पाणी तेवढंच ठेवून दारं नीट फिरवली, तर जास्त रान भिजतं.

स्नायूतली रचना अशीच आहे. मोठी धमनी म्हणजे कालवा. तिच्यातून फुटलेल्या बारीक धमनिका म्हणजे चाऱ्या. धमनिकेच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूंचं कडं असतं. ते आवळलं की पुढचा प्रवाह कमी होतो, सैलावलं की वाढतो. हे कडं म्हणजे दारं. आणि त्यापुढच्या केशवाहिन्या म्हणजे सऱ्या. केशवाहिनीची रुंदी साधारण ५ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे तांबडी रक्तपेशी कशीबशी एकामागे एक सरकेल इतकी. साखर आणि इन्सुलिन रक्तातून बाहेर पडून स्नायुपेशीकडे जातात ते या सऱ्यांतूनच. मोठ्या धमनीची भिंत त्यांना ओलांडता येत नाही.

आता तीन टप्पे मांडता येतात. पहिला, रक्त जास्तीत जास्त केशवाहिन्यांत पसरणं. दुसरा, केशवाहिनीची भिंत ओलांडून इन्सुलिन पेशींमधल्या द्रवात उतरणं. तिसरा, स्नायुपेशीनं साखर आत ओढणं.

तिसऱ्या टप्प्याची यंत्रणा १९८०च्या दशकाअखेर उलगडली. स्नायुपेशीच्या आत छोट्या पिशव्यांमध्ये 'ग्लुट-४' नावाचं वाहक प्रथिन ठेवलेलं असतं. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटलं, की आत एकामागून एक प्रथिनं सक्रिय होतात आणि त्या पिशव्या पृष्ठभागाकडे सरकतात. ग्लुट-४ पृष्ठभागावर आलं की ग्लुकोज आत जातं. आत गेल्या गेल्या त्याला फॉस्फेटचा अणुगट जोडला जातो, त्यामुळे ते परत बाहेर पडू शकत नाही. ही यंत्रणा उत्तम चालली तरी तिला दोन गोष्टी लागतातच: दाराशी आलेलं ग्लुकोज आणि दाराशी आलेलं इन्सुलिन. स्नायुपेशींभोवतीच्या द्रवात इन्सुलिनची पातळी रक्तातल्यापेक्षा कमी असते आणि ती वाढायलाही वेळ लागतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे.

इन्सुलिन आधी रक्तवाहिनीशी बोलतं

स्नायू कामाला लागला की विश्रांतीत जवळजवळ रिकाम्या असलेल्या केशवाहिन्या रक्तानं भरतात, हे डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९२० सालचं नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि मधुमेहीही. टोरांटोत नुकत्याच हाती आलेल्या इन्सुलिनची माहिती क्रोग यांनी घेतली, ते बनवण्याची परवानगी मिळवली आणि डेन्मार्कमध्ये उत्पादन सुरू केलं. केशवाहिन्या आणि इन्सुलिन हे दोन्ही विषय असे एकाच माणसाच्या हातात आले होते. तरी त्या दोहोंची गाठ घालायला विज्ञानाला आणखी सत्तरएक वर्षं लागली.

१९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात ॲलन बॅरन यांच्या गटानं क्लॅम्प चाचणी चालू असताना माणसाच्या पायातला रक्तप्रवाह मोजला. सडपातळ, निरोगी माणसांत इन्सुलिन वाढवलं की पायातला प्रवाह वाढत होता. लठ्ठ आणि मधुमेही माणसांत ही वाढ बोथट झालेली होती. पुढे त्यांनी रक्तवाहिनी सैल करणाऱ्या रसायनाची निर्मिती औषधानं रोखली. तेव्हा निरोगी माणसाच्या पायानं साखर उचलण्याचं प्रमाणही उतरलं.

ते रसायन म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. हा साधा वायू रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींत, म्हणजे एंडोथेलियममध्ये, तयार होतो, काही सेकंद टिकतो आणि शेजारच्या कड्याला सैल व्हायला सांगतो. त्याचं हे काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ सालचं नोबेल मिळालं. एंडोथेलियमवरही इन्सुलिनचे ग्राहक असतात. जेवणानंतर वाढलेलं इन्सुलिन तिथं चिकटलं, की नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर जागं होतं.

पण एक कोडं होतं. पायातला एकूण प्रवाह वाढायला बराच वेळ आणि बरंच इन्सुलिन लागत होतं. साखर मात्र त्याआधीच उचलली जात होती. याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठात मायकल क्लार्क आणि स्टीफन रॅटिगन यांनी, तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात यूजीन बॅरेट यांच्या गटानं शोधलं. त्यांनी वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे रक्तात सोडून सोनोग्राफीनं स्नायूतल्या बारीक वाहिन्यांमधलं रक्त पाहिलं. एकूण प्रवाह फारसा वाढलेला नसतानाही इन्सुलिनमुळे शेवटच्या धमनिका सैलावतात आणि केशवाहिन्यांत जास्त रक्त पसरतं, असं त्यांना दिसलं. साधं जेवण घेतल्यावर आणि मूठ हलकेच आवळ-उघड केल्यावरही माणसाच्या हाताच्या स्नायूत हाच पसारा वाढतो, हेही याच पद्धतीनं दिसलं. म्हणजे कालव्याचं पाणी तेवढंच असताना दारं धरण्याचं काम इन्सुलिन करतं. त्यातून भिजलेल्या रानात मग तेच इन्सुलिन भिंत ओलांडून पेशीपर्यंत पोचतं.

साखर उचलण्यात या पसाऱ्याचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पेशीच्या आतली यंत्रणाच निर्णायक आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. पण वाहिन्यांचा वाटा शून्य आहे असं आता कोणी म्हणत नाही.

आवळणारे आणि सैल करणारे

दारं धरणारं इन्सुलिन एकटं नसतं. तिथं आणखी काही रसायनं आपापल्या बाजूनं जोर लावत असतात.

पहिलं एंडोथेलिन. १९८८ साली जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी ते शोधलं. २१ अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू रक्तवाहिनी जोरानं आणि बराच वेळ आवळून धरतो. गंमत म्हणजे तोही एंडोथेलियमच बनवतं, आणि तो बनवायलाही इन्सुलिनच सांगतं. एंडोथेलियमच्या पेशीत इन्सुलिनचा निरोप दोन वाटांनी जातो. एका वाटेनं नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, दुसरीनं एंडोथेलिन. निरोगी माणसात पहिली वाट जोरात असते आणि वाहिन्या सैलावतात. इन्सुलिन-प्रतिरोध जडला की पहिली वाट मंदावते, दुसरी मात्र तशीच चालू राहते. त्यात प्रतिरोधामुळे रक्तात इन्सुलिन आणखी वाढलेलं असतं, म्हणजे चालू असलेल्या दुसऱ्या वाटेला जास्तच खाद्य मिळतं. सैल करायला आलेलं इन्सुलिन असं आवळण्याला मदत करू लागतं. निरोगी माणसांना एंडोथेलिन शिरेतून दिलं, तर त्यांची साखर उचलण्याची क्षमता घटते. इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्यांत एंडोथेलिन रोखलं, तर ती सुधारते. दोन्ही बाजूंचे प्रयोग झालेले आहेत.

दुसरं अँजिओटेन्सिन. ते बनण्याची साखळी लांब आहे. यकृत एक मोठं प्रथिन रक्तात सोडतं. मूत्रपिंडातून आलेलं रेनिन त्याचा तुकडा पाडतं. मग फुफ्फुसांतल्या आणि इतर ठिकाणच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर बसलेलं 'एसीई' नावाचं विकर त्याला आणखी छाटून आठ अमिनो आम्लांचं अँजिओटेन्सिन-२ बनवतं. हे रसायन वाहिन्या आवळतं आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. रक्तदाब वाढवण्यात त्याचा मोठा हात असतो.

इथं एक अनपेक्षित गोष्ट घडली. निरोगी माणसांना हे रसायन थोडा वेळ शिरेतून दिलं, तेव्हा साखर उचलणं घटण्याऐवजी थोडं वाढलं. याचा उलगडा करताना दोन गोष्टी पुढे आल्या. रक्तदाब वाढल्यावर रक्ताची वाटणी बदलते आणि स्नायूंकडे जास्त रक्त वळू शकतं. शिवाय अँजिओटेन्सिनचे ग्राहक दोन प्रकारचे असतात. एटी-१ हा ग्राहक वाहिनी आवळतो, एटी-२ सैल करतो. उंदरांवरच्या प्रयोगांत एटी-१ अडवला की स्नायूतला रक्ताचा पसारा आणि साखर उचलणं दोन्ही वाढतात, एटी-२ अडवला की दोन्ही घटतात. पण अँजिओटेन्सिन महिनोन्‌महिने चढं राहिलं की एटी-१चं पारडं जड होतं. पेशींत घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात, नायट्रिक ऑक्साइड त्यांच्याकडून नष्ट होतं आणि इन्सुलिनचा पेशीतला निरोपही अडखळतो. थोड्या वेळाचा परिणाम आणि दीर्घकाळचा परिणाम असे उलट निघाले.

तिसरं ब्रॅडिकायनिन. १९४९ साली ब्राझीलमध्ये मॉरिसिओ रोशा ए सिल्व्हा आणि सहकारी जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करत होते. ते विष रक्तात मिसळल्यावर वाहिन्या सैल करणारा एक पदार्थ तयार होतो, असं त्यांना आढळलं. नऊ अमिनो आम्लांचा हा पदार्थ आपल्या शरीरातही सतत बनत असतो, काम करणाऱ्या स्नायूत तर जास्तच. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये डिट्झे आणि विकलमायर यांनी १९७०च्या दशकात माणसाच्या हाताच्या धमनीतून अल्प मात्रेत ब्रॅडिकायनिन सोडलं, तेव्हा हाताच्या स्नायूंनी रक्तातून जास्त ग्लुकोज उचललं. ते नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेनं वाहिन्या सैल करतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तर त्यानं ग्लुट-४ला थेट पृष्ठभागाकडे सरकवल्याचंही दिसलं आहे.

आता या दोघांना जोडणारा धागा. अँजिओटेन्सिन-२ बनवणारं एसीई हेच विकर ब्रॅडिकायनिन नष्टही करतं. एकाच विकरामुळे आवळणारं रसायन वाढतं आणि सैल करणारं घटतं. म्हणून ते विकर रोखणाऱ्या गोळीचे दोन परिणाम होतात, आणि त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो.

बीपीच्या गोळीनं शुगर सुधारते का?

एसीई रोखणारी पहिली गोळी कॅप्टोप्रिल. जराराकाच्या विषातल्या घटकांवरूनच तिची कल्पना सुचली आणि १९८१ साली ती अमेरिकेत मान्य झाली. तिच्या कुळातल्या औषधांची नावं 'प्रिल'वर संपतात: एनालाप्रिल, रॅमिप्रिल. काही रुग्णांना या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. ब्रॅडिकायनिन साचणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. एटी-१ ग्राहक अडवणाऱ्या गोळ्यांची नावं 'सार्टन'वर संपतात: लोसार्टन, टेल्मिसार्टन, वाल्सार्टन. त्या ब्रॅडिकायनिनच्या वाटेला जात नसल्यामुळे खोकला क्वचितच होतो. आपल्याकडच्या बीपीच्या चिठ्ठ्यांवर यांतलं एखादं नाव हमखास सापडेल.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्यांना रॅमिप्रिल दिलं होतं. औषध घेणाऱ्यांत ३.६ टक्के लोकांना नव्यानं मधुमेह झाला, न घेणाऱ्यांत ५.४ टक्के लोकांना. आशा वाढली. मग खास हाच प्रश्न घेऊन 'ड्रीम' नावाची चाचणी झाली. २००६ साली तिचा निकाल आला, तेव्हा मधुमेह टाळण्यात रॅमिप्रिलचा ठाम फायदा दिसला नाही. काही लोकांची वाढलेली साखर पूर्ववत व्हायला मात्र मदत झाली. २०१० साली 'नॅव्हिगेटर' चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना वाल्सार्टन दिलं. पाच वर्षांत मधुमेह झालेल्यांचं प्रमाण ३६.८ टक्क्यांवरून ३३.१ टक्क्यांवर आलं.

तिन्ही निकाल एकत्र वाचले तर उत्तर असं येतं: वाहिन्यांच्या संप्रेरकांचा साखरेशी संबंध खरा आहे, पण गोळीनं त्यात पडणारा फरक थोडा आहे. म्हणून मधुमेह टाळण्यासाठी म्हणून ही औषधं देत नाहीत. ज्याला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, त्याच्यासाठी मात्र डॉक्टर बऱ्याचदा याच कुळातली गोळी निवडतात. मूत्रपिंडाचं रक्षण हे त्याचं मुख्य कारण. उलट काही जुन्या बीटा-ब्लॉकर गोळ्या आणि जास्त मात्रेतल्या थायझाइड गोळ्या साखर किंचित वाढवू शकतात. हे वाचून कोणी चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. अनावर रक्तदाबाचा धोका त्या किंचित वाढीपेक्षा फार मोठा आहे.

पुण्यात सापडलेला दुवा

आपल्या लोकांत इन्सुलिन-प्रतिरोधाचा हा बिघाड लवकर का होतो, याचं एक उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हलकी होती, त्यांचे स्नायूही कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर निरोगी वाटणारा आपला माणूस आतून तसा असेलच असं नाही, हे त्या एका फोटोनं जगाला पटवलं.

पुढच्याच वर्षी, २००५ साली, याच युडकिन यांनी नेदरलंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर 'लॅन्सेट'मध्ये आणखी एक कल्पना मांडली. स्नायूत शिरणाऱ्या धमनिकांना चरबीचं वेटोळं पडलं, तर त्या चरबीतून झिरपणारी टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक रसायनं जवळच्या धमनिकेवर काम करतात. ती नायट्रिक ऑक्साइडची वाट दाबतात, एंडोथेलिनची मोकळी सोडतात. इन्सुलिन आलं तरी दारं उघडत नाहीत. चरबी किती आहे याइतकंच ती कुठं बसली आहे याला महत्त्व का, याचं हे एक उत्तर आहे. पुण्याच्या निष्कर्षाशी ते जोडून पाहिलं, तर आपल्या लोकांवर मार दोन बाजूंनी बसतो: साखर साठवणारा स्नायू कमी, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांभोवती त्रास देणारी चरबी जास्त.

चालणारा स्नायू परवानगी मागत नाही

ही सगळी अडचण वळसा घालून जाण्याचा एक मार्ग शरीरातच आहे. स्नायू आकुंचन पावला की ग्लुट-४ इन्सुलिनशिवायही पृष्ठभागावर येतं. आकुंचनाची वाट पेशीच्या आत वेगळी असते, त्यामुळे इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्या माणसातही ती बरीचशी शाबूत राहते. त्याच वेळी काम करणाऱ्या स्नायूतल्या धमनिका सैलावतात आणि केशवाहिन्या भरतात. वरचे तिन्ही टप्पे एकदम सुरू होतात.

कोपनहेगनमध्ये एरिक रिश्टर यांच्या गटानं याचा सुंदर प्रयोग केला. एकाच पायाला व्यायाम द्यायचा, काही तास थांबायचं आणि मग क्लॅम्प चाचणीत दोन्ही पाय तपासायचे. शरीर तेच, रक्त तेच, इन्सुलिन तेवढंच. तरी व्यायाम केलेला पाय जास्त साखर उचलत होता, आणि त्याच्या बारीक वाहिन्यांतलं रक्तही जास्त होतं. व्यायामाचा हा असर एक-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणून आठवड्यातून एकदा दमून घेण्यापेक्षा रोज थोडं हिंडणं फायद्याचं.

बसून राहण्याचा परिणाम नेमका उलट. तासन्‌तास बसलं की पायांतला रक्तप्रवाह मंदावतो आणि एंडोथेलियमची नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची तयारी कमी होते. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या व्यापाऱ्याला हे लागू आहे, तसंच लातूरला अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही. मधूनमधून दोन-तीन मिनिटं उठून चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसलं आहे. तंबाखू, बिडी आणि गुटख्यातलं निकोटिन वाहिन्या आवळतं, त्यामुळे जेवणानंतर तोंडात टाकलेली चिमूट नेमकी नको त्या वेळी पडते.

मग करायचं काय?

दोन्ही वेळच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. आपल्याकडची शतपावली ही सवय याच वेळेला बसते, कारण साखर रक्तात उतरायला लागते ती तेव्हाच. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशीच्या पुढे असताना दुपारी रस्त्यावर जायची गरज नाही. घरातल्या घरात, ओट्यावर किंवा गच्चीच्या सावलीत फेऱ्या मारल्या तरी पोटरीला तेच काम मिळतं. आठवड्यातून दोन-तीनदा मांडीच्या स्नायूंना जोर लावा: खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, जिने चढणं, शेतातली कामं. आपल्याकडे स्नायू मुळात कमी, त्यामुळे ते वाढवणं म्हणजे साखरेची कोठी वाढवणं. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, ज्यांच्या पायांना बधिरपणा आहे किंवा चालताना छातीत दुखतं, त्यांनी चालण्याची वेळ आणि वेग आधी डॉक्टरांना विचारून ठरवावा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब एकाच दिवशी तपासून घ्यावा, वजन कमी असलं तरी. प्राथमिक आरोग्य केंद्रात या दोन्ही तपासण्या होतात. पुढच्या तपासणीसाठी नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. दोहोंपैकी एक आकडा वाढलेला निघाला, तर दुसऱ्याकडे दर तीन महिन्यांनी लक्ष ठेवा. आणि दोन वेगळे डॉक्टर असतील, तर दोन्ही चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा.